तुरटीची दुसरी बाजू

पोरावरून ओवाळलेली तुरटी निखाऱ्यावर फुगली आणि झुंबरबाईंनी निकाल देऊन टाकला.

"चतुराचीच नजर. नाक बघ तिचं."

गोधडीत तापाने फणफणलेल्या रामकिसनने कपाळाला हात लावला. रझाकारी संपल्यावर तीर्थपुरीतून शिकायला बाहेर पडलेला तो पहिलाच. आता कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत होता आणि शेजारच्या चतुराबाईंच्या विमलला मागणी घालायची, असं ठरवूनच सुट्टीवर आला होता. पण आई जेव्हा दृष्ट काढी तेव्हा तुरटीत चतुराबाईच निघत. असल्या बाईची लेक आई सून कशी करून घेणार? उद्या तर विमलला बघायला आष्टीचे पाहुणे येणार होते.

"आई, मीबी तिथं हेच करतो."

"कलकत्त्यात दृष्ट काढून राह्यला तू?"

"न्हाई गं. पिठाच्या कणाहून बारीक स्फटिक घ्यायचा. त्यातून इलेक्ट्रॉनचा झोत सोडायचा. पलीकडच्या काचेवर ठिपके उमटतात. त्यावरून आतल्या रेणूचा आकार काढायचा."

"मंग येगळं काय हाय?"

प्रश्न त्याला झोंबला. तो उठूनच बसला.

"एका बाजूनं बघून आम्ही कुणाचं नाव घेत न्हाई. स्फटिक फिरवून सगळीकडून बघतो. फिरव तुझी तुरटी. चतुरामावशीचं नाक ऱ्हातं का बघ."

झुंबरबाईंनी चिमट्याने तुरटी ताटलीत घेतली. फिरवली. नाक गेलं. रामकिसनला तापातही हुशारी वाटली. आता आई म्हणेल, यात कोणीच नाही, की झालं काम.

"चतुरा न्हाई," त्या म्हणाल्या. "उगंच बिचारीला बोल लावला."

त्यांनी आणखी फिरवली, डोळे बारीक केले.

"ही वेणी. ही तं विमल हाय."

रामकिसनचा चेहरा पडला. आईला एका बाजूने दिसलेलंही त्याला कधी खोडता आलं नव्हतं, आणि आता तर तिने सगळ्या बाजूंनी पाहिलं होतं. शहाणपणा करायला गेला आणि हातचं लग्न घालवून बसला.

झुंबरबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पायांत चपला सरकवल्या.

"आई, भांडू नको तिथं," तो कळवळून म्हणाला.

"भांडायला कोण चाललंय? मागणी घालून येते. जिनं लावली तिनंच काढावी आता जल्मभर."