बाहीची लांबी

सदतीस स्वेटर होते, म्हणजे चौऱ्याहत्तर बाह्या. त्यांतल्या त्र्याहत्तर काखेपासून मनगटापर्यंत एकोणीस इंच भरल्या. चौऱ्याहत्तरावी साडेदहा इंचांवर संपली होती. तिला मनगटाची पट्टी नव्हती. टाके एकत्र ओढून टोक पिशवीच्या तळासारखं बंद केलं होतं.

शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात तपासणी चालली होती. तपासायला बसलेल्या बाई पूर्वी याच शाळेत शिवण शिकवायच्या. गेल्या महिन्यात त्यांनी सख्ख्या जावेचा स्वेटर पाव इंचासाठी परत केला होता, आणि तेव्हापासून घरात त्यांना आपला चहा आपणच करून घ्यावा लागत होता. सैन्याकडून आलेला नमुना त्यांना तोंडपाठ होता. रंग खाकी, गळा गोल. बाही खांद्याकडून खाली विणायची, कारण मनगट आधी झिजतं आणि मग तेवढंच उसवून पुन्हा विणता येतं. आत चिठ्ठी घालायची नाही, नाव विणायचं नाही. चार वाजता ट्रक यायचा आणि गठ्ठा डोंगरावरच्या लष्करी इस्पितळात जायचा. तिथे वॉर्डबॉय हाताला लागेल तो स्वेटर पुढच्या खाटेवर देई. घरून पार्सल पाठवायला बंदी होती.

बाईंनी तो स्वेटर वर धरला तेव्हा खिडकीपाशी विणत बसलेल्या काकूंनी विचारलं, लोकर संपली की विणणारीला डुलकी लागली. बायका हसल्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम करणारी मुलगी उठून पुढे आली आणि तिने उरलेला गुंडा टेबलावर ठेवला.

टाके उचलून बाही पुरी कर, पुढच्या गठ्ठ्यात जाईल, असं बाईंनी तिला सांगितलं. पुढचा गठ्ठा रस्ता उघडल्यावर, म्हणजे थंडी सरल्यावर जाणार होता.

"आजच जाऊ दे, बाई. माझा दादा आहे तिथे."

"इथे प्रत्येकीचं कुणी ना कुणी आहे. म्हणून तर नाव घालायचं नाही."

"नाव कुठे घातलंय?" मुलगी म्हणाली. "पण हा दुसऱ्या कुणाला होणार नाही. कुणालाही दिला तरी परतच येईल. फिरत फिरत पोचेल त्याच्यापर्यंत."

काकूंच्या सुया थांबल्या. बाईंनी बाहीत हात घातला आणि आतून टोकावर बोट फिरवलं. गाठ कुठे लागली नाही. टोचू नये म्हणून शेवटची ओळ सैल घातली होती. माप कुठून मिळालं, असं त्यांनी विचारलं. दादाच्या पत्रातून, मुलगी म्हणाली. नर्सने काखेपासून दोरा धरून तोडला आणि त्याने तो पाकिटात घातला. दोरा हातात पडेपर्यंत घरी कुणाला काहीच माहीत नव्हतं.

बाईंनी स्वेटरची घडी घातली, पण पास झालेल्यांच्या ढिगावर तो ठेवला नाही.

"दुसऱ्या कुणाला होणार नाही," त्या म्हणाल्या, "हे तुला कुणी सांगितलं?"

स्वेटर काखेत धरून त्या उठल्या आणि मुलीला घेऊन बाहेर पडल्या.

टेलिफोन मुख्याध्यापकांच्या खोलीत होता. एक्स्चेंजमध्ये तिच्या जागी बसलेल्या मैत्रिणीने इस्पितळाची लाइन जोडून दिली. नर्सला कुणाची नावं सांगायची परवानगी नव्हती. नावं नकोच आहेत, बाई मुलीला म्हणाल्या, मापं विचार.

ट्रकला दोन तास होते. काकूंनी ढिगातले स्वेटर उचलून बायकांच्या हातांत दिले आणि सगळ्या खोलीच्या दारात ओळीने उभ्या राहिल्या. मुलगी ऐकायची आणि माप मोठ्याने सांगायची. जिचा नंबर असेल ती त्या मापावर खडूने खूण करायची आणि बाही मनगटाकडून उसवायला घ्यायची.

"उजवी, अकरा." काकूंनी खूण केली.

"उजवी, चौदा." "डावी, सहा."

एक्स्चेंजमधल्या सवयीने ती प्रत्येक माप नर्सला परत म्हणून दाखवत होती. एकदा ती नुसतंच "हा झालाय" म्हणाली आणि पुढचं विचारलं. बाईंनी काखेतला घडी घातलेला स्वेटर बाजूच्या खुर्चीवर ठेवला.

उसवलेल्या लोकरीचा दारात ढीग झाला. ओळीत शेवटी बाईंची जाऊ होती. ती खडू घेऊन पुढे आली. मुलगी बराच वेळ नुसती ऐकत राहिली, तेव्हा जावेने हळूच विचारलं, "कुठली?"

"दोन्ही," मुलगी म्हणाली. "डावी पाच. उजवी सव्वासात."