प्रवाळाचं माहेर
“एका वेळी एकच यंत्र काढ गं, पाण्याला सवय होऊ दे,” वृंदाच्या सासूबाई सांगायच्या. मालवणचा समुद्र तापून त्यातली प्रवाळं मेली, तेव्हा घरोघरी खाऱ्या पाण्याच्या टाक्यांत त्यांचं बियाणं जपलं गेलं. आता समुद्र निवला होता, पण यंत्रांवाचून जगेल तेच तिथे तगणार होतं. वृंदाने आधी फेस काढणारं यंत्र काढलं, मग एकेक गाळणी. खडक आणि वाळूच पाणी निर्मळ ठेवू लागली. अमावास्येला शेवटची गाळणीही निघाली.

आज नवरा टाकीत डोकावला. “फुललंय की. माहेरी धाडताना रडू नकोस म्हणजे झालं.”

“रडाल तुम्हीच,” ती हसली. ‘समुद्रात परत सोडीन,’ असा शब्द तिने सासूबाईंना दिला होता. प्रवाळ अलगद बादलीत घेऊन तिने किनाऱ्याची वाट धरली.