खिळ्याची रेघ

नणंदेने शेवटचा दगड आपल्या बाजूला ओढला आणि वाटणी संपली. टेबलावर दोन ढीग, एक तिचा, एक वहिनीचा. मध्ये दगड घासून चमकवायचं यंत्र: मोटरीवर आडवा ठेवलेला रबरी डबा. वहिनीच्या मुलीने पाठवलेला. नदीला हजार वर्षं लागतात ते काम हा महिनाभरात करतो, असं खोक्यावर छापलं होतं.

वहिनीने आपला ढीग त्यात ओतला. तळ जेमतेम झाकला.

"निम्म्याच्या वर भरायला हवा. नाहीतर दगड आपटून फुटतात."

"म्हणजे माझे हवेत."

"मला कशाला? यंत्राला हवेत."

"सरळ मागायला जीभ झिजते का हो वहिनी?"

"तुमच्याच घरात शिकले, वन्सं."

दगड वहिनीच्या नवऱ्याने जमवलेले. कुठेही न्या, गृहस्थाची नजर जमिनीवर. दगडांनी फाटलेले त्याचे खिसे वहिनीने जन्मभर शिवले, आणि तो गेल्यावर निम्मे दगड मात्र बहिणीचे.

नणंदेने आपला ढीग नाइलाजाने पुढे सरकवला. वहिनीने डबा रिकामा केला, खिळा घेतला आणि एकेक दगड ओरखडायला सुरुवात केली. रेघ उठली नाही तर आत, उठली तर बाजूला. मोठ्यांच्या फटीत बसायला लहान हवेत, म्हणून दोन मोठे, चार लहान. सगळ्यांत आधी तिने तो हिरवा ठेवला. लग्नानंतरच्या पहिल्या सहलीत नवऱ्याने काही न बोलता तिच्या तळहातावर ठेवलेला.

"हे काय, माझ्याच बाजूचे बाहेर काढताय?"

"मऊ आहेत. कठीण दगडांत मऊ गेला की त्याचा गाळ होतो. आणि त्या गाळाने बाकीच्यांवरही चमक येत नाही."

"किती हा पंक्तिप्रपंच! दगडांतसुद्धा!"

मग नणंदेने पर्समधून काळा रुमाल काढला. त्यात एक पांढरा दगड होता, मधोमध मधाच्या रंगाची शीर गेलेला. तो वहिनीला पाठ होता. बघण्याच्या दिवसापासून तो तिच्यासमोर नाचवला जात होता.

"दादाने वेचलेला पहिला दगड. सात वर्षांचा होता. मला दिला. तेव्हा तुम्ही कुठे होतात कोण जाणे."

"आणा इकडे. खिळ्याने बघते."

"हात लावायचा नाही!" नणंदेने मूठ मिटली. "याची परीक्षा घेणाऱ्या तुम्ही कोण?"

वहिनीने रुमालाकडे पाहिलं. काळ्या घडीत पिठासारखी पांढरी भुकटी साचली होती. नुसत्या कापडाने तो झिजत होता. खिळ्याची गरजच नव्हती.

ती एक वाक्य बोलली असती तर भागलं असतं. ते जिभेवर आलंही होतं.

"माझा सगळ्यांत जास्त चमकेल, बघाच तुम्ही," नणंद म्हणाली.

वहिनीने खिळा टेबलावर ठेवला. "तुमच्या हातानेच टाका मग."

नणंदेने टाकला. वर वहिनीने घासायची भरड पूड घातली, दगड बुडत आले तसं पाणी ओतायचं थांबवलं. झाकण मात्र नणंदेला लावायला सांगितलं. बटण दाबताच डबा घरघरत फिरू लागला.

"अहो," नणंदेचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "मध्ये एकदा उघडून बघता येतं का? एकदाच. दादाचा आहे म्हणून विचारते."

माहितीपत्रकात पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत होतं: शंका आल्यास यंत्र थांबवून केव्हाही उघडावे.

"छे," वहिनी म्हणाली. "पहिला आठवडाभर हात लावायचा नाही. मध्ये उघडलं की सगळं फुकट."

तिने माहितीपत्रक रिकाम्या पत्र्याच्या डब्यात टाकलं आणि झाकण दाबून बसवलं.

नणंदेने खुर्ची पुढे ओढून कान लावला. "ऐका, ऐका! तो बघा माझा वाजला."

वहिनी ऐकत होती. त्या घरघरीत ती आपला हिरवा शोधत होती.