अर्लीनबाईंचा माइक

अमेरिकेतल्या मेम्फिसच्या एका चर्चमध्ये गाण्याचा पहिला मान चाळीस वर्षं अर्लीनबाईंचा. पण नात जॅनेल साउंड इंजिनियर होऊन आली, चर्चचे माइक-स्पीकर चालवणाऱ्या मिक्सरवर बसली, आणि तेव्हापासून बाईंना स्पीकरमधून आपला आवाज येईना. म्हातारीला ‘आता गाणं पुरे’ असं तोंडावर सांगायची हिंमत नाही, म्हणून पोरगी गुपचूप माइक बंद ठेवते, असा त्यांना दाट संशय आला.

विचारलं तर म्हणे, "चालू आहे गं आजी. तू गा."

"मला नको शिकवूस. तुला अंगाई मीच गायलीय."

या रविवारी त्यांनी परीक्षाच घेतली. पाद्रीबाबांची बायको क्लॉडेट गुडघ्याचं ऑपरेशन होऊन घरी पडून होती, तेव्हा तिची भीती नव्हती. प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटले, तशा बाई माइकला ओठ लावून पुटपुटल्या, "क्लॉडेटच्या बटाट्याच्या सॅलडला चव नाही, आणि गळ्याला सूर नाही."

एकानंही मान वळवली नाही. चोरी पकडली!

प्रार्थना संपताच त्या मिक्सरपाशी जाऊन उभ्या राहिल्या. "बंद होता की नाही माइक? बोल आता."

जॅनेलनं पांढऱ्याफटक चेहऱ्यानं कानांवरचे हेडफोन काढले. "आजी, तुझा आवाज माइकशिवायच भिंती हलवतो, म्हणून इथल्या स्पीकरवर सोडत नाही. तुझा माइक जातो तो फक्त घरी बसून फोनवर प्रार्थना ऐकणाऱ्या आजारी माणसांकडे."



अर्लीनबाईंच्या पर्समधला फोन वाजला, आणि पडद्यावर क्लॉडेटचं नाव होतं.