माळेचा दोरा

ओहोटी संपत आली होती. एनिड कमरेएवढ्या गार पाण्यात वाकून समुद्रशेवाळाचे पट्टे एकेक करून चाचपत होती. सगळे रिकामे.

"आत्या, ओठ निळे पडलेत तुझे. ये ना वर!" खडकावरून कॅरिस ओरडली. तिचे दिवस भरत आले होते.

"तू पोट सांभाळ. माझे ओठ कोणाला बघायचेत?"

केप बॅरन बेटावरच्या त्यांच्या घराण्यात जन्मणाऱ्या प्रत्येक मुलीसाठी मेरीनर शंखांची माळ ओवत. मटाराएवढे शंख. ते शेवाळावरून जिवंतच काढायचे. वाळूत मेलेले ढिगाने मिळत, पण त्यांची निळी-हिरवी झाक गेलेली असे. कॅरिसच्या होणाऱ्या मुलीची माळ जेमतेम वीतभर झाली होती. समुद्र वर्षागणिक थोडाथोडा तापू लागल्यापासून शेवाळच विरत चालले होते.

कपारीत एनिडचा हात थांबला. शेवाळाचे एकच झुडूप उभे होते, शंखांनी लगडलेले.

"सापडले?"

"आहेत. मोठे तेवढेच घेते."

"सगळे घे की! माळ पुरी होईल."

"आणि पुढच्या पोरीला काय घालायचं?"

"पुढची? आधी हिला तरी बाहेर येऊ दे!"

एनिड हसली नाही. तिने एक मोठा शंख धरून ओढला. त्याच्यासोबत अख्खे झुडूप खडकावरून सुटून हातात आले. बुडखा भिजलेल्या पावासारखा झाला होता.

कॅरिस खडकाच्या कडेपर्यंत आली. मग म्हणाली, "आता ते मरणारच, आत्या. काढून घे."

एनिडने गळ्यातल्या पिशवीतून माळ ओवायचा दोरा काढला. बुडखा खडकाच्या कंगोऱ्याशी धरून ती बांधू लागली. बोटे बधिर झाली होती. गाठ आवळली तसा दोरा मऊ देठ कापत आत गेला. तिने पुन्हा बांधले. पुन्हा कापले गेले.

पाणी खांद्यांशी आले.

"भरती आलीय! सोड ते. ऐक माझं, सोड!"

एनिडने झुडूप दोन्ही हातांनी पाण्याखाली खडकाशी दाबून धरले होते. बारके शंख देठावरून तिच्या बोटांवर चढू लागले होते.

"कुठे सोडू?" तिने विचारले.