ड्रॅगनवरचा सापळा

"राजापुढचं प्यादं कुणी दोन घरं ढकललं की तू काय खेळतेस गं, बाळा?" बुद्धिबळ स्पर्धेच्या हॉलबाहेर डबा खात बसलेल्या दोन वेण्यांच्या मुलीला मी सहज विचारल्यासारखं विचारलं. पुढच्या फेरीत तिची गाठ माझ्या ऋजुताशी होती. जोड्यांची यादी तिनं अजून पाहिली नव्हती.

"सिसिलियन, काकू! त्यातलं ड्रॅगन. बाबांनी सुट्टीभर घोटून घेतलंय." एवढं सांगून तिनं गूळपोळीचा तुकडाही माझ्या हातावर ठेवला.

आम्ही मायलेकी तीन महिने व्हिडिओ बघून फक्त इटालियन नावाची सुरुवात शिकलो होतो. सिसिलियनपुढे त्याचा काय उपयोग? मी ऋजुताला जिन्याखाली नेलं, मोबाइलवर ड्रॅगनवरचा एक सापळा शोधला आणि वीस मिनिटांत तिच्याकडून पाठ करून घेतला.

"पण ती हेच खेळणार हे तुला कसं कळलं?"

"तिलाच विचारलं."

अकराव्या चालीत त्या मुलीचा वजीर गेला. बाहेर येऊन ती बाबांच्या शर्टात तोंड खुपसून हुंदके देत राहिली. "सगळं शिकवल्यासारखंच खेळले हो मी." तिचे बाबा माझ्याकडे बघून ओशाळं हसले, "छान खेळली हं तुमची मुलगी."

मी बेसिनवर जाऊन दोनदा साबणानं हात धुतले, तरी स्वतःची शिसारी जाईना.

तेवढ्यात ऋजुता धावत आली. डोळे चमकत होते.

"आई, पुढच्या फेरीला ती चष्मेवाली आहे. तिची आई चहाला गेलीय. आत्ताच जा."