सगळ्यात हलकं फोल्डर

वृद्धाश्रमाची व्यवस्थापक श्यामला ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसली होती. मथुराबाई सकाळच्या चहानंतर कुणालाच दिसल्या नव्हत्या आणि आता जेवणाची पानं मांडून झाली होती. त्यांची रक्तदाबाची गोळी ऑफिसच्या टेबलावर तशीच पडून होती. बाहेर चैत्राचं ऊन, आणि वृद्धाश्रमाच्या फाटकाला लागून आळंदी रस्ता.

मच्छिंद्र वॉचमन दारात उभा होता. फाटकातून कोणी गेलं नाही, हे त्याने पुन्हा पुन्हा सांगितलं. मग मान खाली घालून म्हणाला, "पान्याचा टँकर आलता तवा मागं गेलतो, म्याडम. थोडाच येळ."

श्यामलाने कीबोर्ड पुढे ओढला.

सगळ्या कॅमेऱ्यांचं चित्रण बघत बसायला वेळ नव्हता. पण समोर काही हललं तरच ते कॅमेरे चित्रण साठवत. प्रत्येक कॅमेऱ्याचं वेगळं फोल्डर; जिथे हालचाल जास्त, ते जड. तिने काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप केली: आजचं प्रत्येक फोल्डर मोज, जडापासून हलक्यापर्यंत ओळीने लाव. ओठांवर रामरक्षा चालू होती, पण आज ओळी मागेपुढे होत होत्या.

यादी आली. वर स्वयंपाकघर, त्याखाली जेवणघर, मग फाटक. फाटकाचं चित्रण तिने पळवत पाहिलं. दूधवाला, भाजीवाली, मग टँकर. टँकरने बराच वेळ सगळा रस्ता झाकून टाकला होता. त्याच्या आडून कोणी गेलं असेल तर कळणार नव्हतं.

गच्ची सगळ्यात खाली होती, जवळजवळ रिकामी. तिथे कोणी नसणारच. जिन्याकडून दाराला कडी होती. कबुतरं आत येतात म्हणून मच्छिंद्रनेच ती सकाळी घातली होती.

तिने पोलिसांना फोन लावायला घेतला आणि हात थांबला.

गच्चीवर दिवसभर चादरी, साड्या फडफडत असतात. गच्चीचं फोल्डर रोज सगळ्यांत जड असतं. तिनेच कितीदा वैतागून ते पुसलं होतं. आजही पहाटेच चादरी वाळत पडल्या होत्या आणि वाराही होता, खिडकीचा पडदा उडत होता. यादीत गच्चीच्या नावापुढे कॅमेरा चालू असल्याचा हिरवा ठिपकाही दिसत होता. म्हणजे तो बघत होता, आणि त्याला काहीच दिसत नव्हतं.

ती जिना चढत धावली. मागून मच्छिंद्र. तिने कडी काढून दार ढकललं.

टाकीच्या वीतभर सावलीत मथुराबाई गुडघे पोटाशी घेऊन बसल्या होत्या. ओठ फुटलेले, पण डोळे उघडे. सोवळं त्या रोज सकाळी चहानंतर धुऊन, कुणाचा हात लागायला नको म्हणून स्वतः वर येऊन वाळत घालत. कपडे उंचावर टाकायची काठी बाजूला पडली होती. आणि ते सोवळं दोरीवर नव्हतं. दारावरच्या कॅमेऱ्यावर चार पदरी पडून घट्ट चिकटलं होतं.

मच्छिंद्रने आपली बाटली पुढे केली. एरवी दुसऱ्याच्या तांब्यालाही हात न लावणाऱ्या मथुराबाई बाटली तोंडाला लावून घटाघट पाणी प्यायल्या.

"अहो, हे कॅमेऱ्यावर कशाला टाकलंत?" श्यामलाने रडतच विचारलं.

"त्याच्याकडे बघून हात हलवून हलवून दमले गं," मथुराबाई हळूच म्हणाल्या. "म्हटलं, मी दिसतेय तोवर काही कोणी येत नाही. दिसेनाशी झाले, तर निदान शोधायला तरी याल."